खिशात मावेल एवढं

फोन पुन्हा वाजला.

खुर्चीच्या पाठीला अडकवलेल्या ट्वायलाच्या पर्समध्ये तो घरघरला, आतल्या किल्ल्या खुळखुळवल्या आणि गप्प झाला. स्वयंपाकघरातल्या पाचही जणांनी तो ऐकला आणि पाचही जणांनी ऐकलाच नाही असं दाखवलं. ट्वायलाच्या आईने, जिला नातीपासून सगळेच मॅमॉ म्हणजे आजी म्हणायचे, डंपलिंगच्या पातेल्यावरचं झाकण उगाचच उचललं, उगाचच ठेवलं. होबर्ट मामाने घसा खाकरला. जोलिंडा पुडिंगसाठी केळी चिरत होती, ती चिरतच राहिली. आणि ट्वायलाच्या मुलीला, मार्लीला, म्हणजे सोळा वर्षांच्या, शाळेच्या वादविवाद संघात महिन्याभरापूर्वी निवडल्या गेलेल्या आणि तेव्हापासून घरात कुणालाही वाक्य पुरं करू न देणाऱ्या मार्लीला, पहिल्यांदाच बोलायला काही सुचेना.

शुक्रवार संध्याकाळपासून हे असं चाललं होतं. तो फोन तुरुंगाकडचा होता. पलीकडे माणूस नव्हतंच, यंत्र होतं. गोड बायकी आवाजात ते सांगायचं की रॉइस स्टॅम्पर हा कैदी येत्या बुधवारी सकाळी सुटतो आहे, आणि हे ऐकल्याची खूण म्हणून तुमचा चार आकडी नंबर दाबा. नंबर दाबला की फोन थांबणार. नाही दाबला की थोड्या वेळाने पुन्हा. ट्वायलाने तो दाबला नव्हता.

"दाबून टाक ना एकदाचा," मॅमॉ म्हणाली.

"दाबीन."

"कधी? तो दारात येऊन उभा राहिल्यावर?"

"मॅमॉ, नंबर दाबला म्हणजे मी त्याला हो म्हटल्यासारखं वाटतं मला. ये बाबा, सुट, मला कळलंय." ट्वायलाने उजवं मनगट डाव्या हाताने चोळलं. थंडी पडायला लागली की ते ठणकायचं. अडीच वर्षांपूर्वी रॉइसने ट्रकचं दार त्याच्यावर आपटलं होतं, एकदा नाही, तीनदा. हाड सांधलं, पण वाकडं. मार्ली तेव्हा ट्रकच्या मागच्या सीटवर होती. त्या दिवसापासून तिने आपल्या बापाला बाप म्हणणं सोडलं. रॉइस, बस्स. तेवढंच.

मॅमॉच्या घरात रविवारी जेवायला बसायचं तर एक नियम होता. चर्चमधून आलं की कमरेचं, खिशातलं, पर्समधलं, जे काही हत्यार असेल ते फ्रिजवरच्या पत्र्याच्या डब्यात जायचं. हा डबा एके काळी डुकराच्या चरबीचा होता आणि उन्हाळ्यात अजूनही तसा वास मारायचा. चाळीसेक वर्षांपूर्वी पॅपॉच्या, म्हणजे मॅमॉच्या नवऱ्याच्या, धाकट्या भावाचं पिस्तूल बीन्स वाढून घेता घेता सुटलं होतं. कुणाला लागलं नाही, पण चुलीवरच्या छताला भोक पडलं. मॅमॉने ते आजवर बुजवू दिलं नव्हतं. "प्रार्थनेच्या वेळी नजर वर जातेच," ती म्हणायची, "तेव्हा दिसलेलं बरं." एकदा पाद्रीबाबा जेवायला आले होते तर त्यांच्याही मोज्यातून एक निघालं होतं, आणि तेही मुकाट्याने डब्यात गेलं होतं.

तर आज होबर्टने आपलं डब्यात टाकलं, आणि मग बाहेर जाऊन ट्रकमधून बोलिंगच्या चेंडूची पिशवी आणली, आणि त्या पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली आणखी तीन काढून सरळ जेवणाच्या टेबलावर मांडली.

"होबर्ट!" मॅमॉ कडाडली.

"रिकामी आहेत मॅमॉ! रिकामं पिस्तूल म्हणजे काय, हातोडी."

"माझ्या टेबलावर हातोडीही नको."

"दहा मिनिटं. ट्वायलाला निवडू दे. दुकानातून मालकाला सांगून आणलीत, उद्या दोन परत करायचीत."

होबर्ट गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात, खिळ्यांच्या आणि रंगाच्या मागे असलेल्या काचेच्या काउंटरवर उभा राहायचा. बावीस वर्षं. कुणाच्या हाताला काय बसेल हे दारातून आत येतानाच ओळखतो, अशी त्याची ख्याती होती. निदान ती त्याने स्वतः तरी पसरवली होती.

"तिला हे सगळं कशाला?" मॅमॉ म्हणाली. "तिने आणि पोरीने इथे येऊन राहावं. कोर्टाचा कागद आहे ना? त्याने जवळ यायचं नाही असा?"

"आहे," ट्वायला म्हणाली. "तो मनगटाला बांधून फिरू का?"

"माझ्याशी नीट बोल."

"नीटच बोलतेय. मॅमॉ, माझे बारा पेशंट आहेत. बुल क्रीकच्या टोकाला बसलेल्या त्या म्हाताऱ्याचं ऑक्सिजनचं यंत्र कोण बघणार? तू? त्या रस्त्यावर नऊ मैल फोनला रेंज नाही. शेरीफच्या माणसाला बोलावलं तरी तो चाळीस मिनिटांनी येणार. मी घरात लपून बसले तर रॉइसला काही करायलाच नको, तो जिंकलाच."

"बरोबर!" मार्ली ओरडली. वादविवादात पहिलाच मुद्दा असा ठणकावून मांडायचा असतो. "आणि ऑफिसचा नियम आहे की पेशंटच्या घरी हत्यार न्यायचं नाही. कळलं तर आईची नोकरी जाईल. म्हणजे दोन अटी. एक, ते चालायला पाहिजे. दोन, ते दिसता कामा नये. म्हणजेच सगळ्यात छोटं!"

"ऐका, वकीलसाहेब बोलल्या," होबर्ट हसला. "पण पोरगी बरोबर बोलतेय. उभी राहा ट्वायला."

ट्वायला आज ड्युटीवर होती म्हणून नर्सचा निळा युनिफॉर्म घालूनच चर्चला गेली होती. वर सैल अंगरखा, त्याला पोटाशी दोन खिसे, खाली नाडीची पँट. होबर्टने पहिलं पिस्तूल तिच्या पँटच्या खिशात सोडलं. नाडी सुटली नाही, पण पँट एका बाजूने अशी झपकन खाली आली की ट्वायलाने दोन्ही हातांनी धरली.

"पेशंट बरा होईल तुझा," मॅमॉ म्हणाली.

मार्लीला हसू फुटलं. ट्वायलालाही. शुक्रवारनंतर ती पहिल्यांदाच हसत होती. दुसरं अंगरख्याच्या खिशात गेलं, पण मूठ वर डोकावत राहिली. आणि तिसरं! तिसरं काळं, चपटं, पत्त्यांच्या कॅटाएवढं. खिशात गेलं आणि नाहीसं झालं. ट्वायला चालली, वाकली, खुर्चीवर बसून उठली. काही नाही. जणू खिशात रुमाल आहे.

"हेच!" मार्ली टाळ्या वाजवत म्हणाली. "हेच, हेच. मामा, हेच ठेव. आई, बघ ना, कळतही नाही!"

"बायकांच्या हाताला हेच शोभतं," होबर्ट म्हणाला. "छोटा हात, छोटं पिस्तूल. काउंटरवर दहातल्या आठ जणी हेच नेतात."

"आणि परत किती आणतात?"

हे जोलिंडा बोलली. सकाळपासून तिने उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. होबर्टने मागे वळून बघितलंसुद्धा नाही. "तू केळी चिर, जो."

जोलिंडाने केळी चिरली.

तिची गोष्ट अशी, की ती होबर्टची बायको, म्हणजे मार्लीची मामी. पण ती रॉइसची सख्खी बहीणही होती. ट्वायला रॉइसला दिली, आणि मग पाच वर्षांनी होबर्टने रॉइसची बहीण केली. सरळ साटंलोटं. मार्ली तिला पहिल्यापासून आत्याच म्हणायची. जोलिंडा आत्या तिला लांबलचक डेनिमचे स्कर्ट शिवून द्यायची, आणि प्रत्येकाला आतून एक खोल खिसा. खिशांचं तिला वेडच होतं. स्वतःच्या स्कर्टांना खिसे, मॅमॉच्या एप्रनला खिसे, उशांच्या अभ्र्यांनासुद्धा. "माझी बायको कांगारू आहे," असं होबर्ट दर नाताळला सांगायचा आणि दर नाताळला स्वतःच हसायचा. पण ट्रकच्या त्या दिवसानंतर मार्लीने तिला आत्या म्हटलं नव्हतं. मामीही नाही. हाकच मारली नव्हती. 'जरा मीठ देता का' एवढ्यावर अडीच वर्षं निघाली होती.

आणि आज चर्चच्या बाहेर, जोलिंडाच्या गाडीत छत्री ठेवायला गेली असताना, मार्लीला पुढच्या कप्प्यात एक पाकीट दिसलं होतं. त्यावर तुरुंगाचा शिक्का. वरचं अक्षर रॉइसचं.

तेव्हापासून ते पाकीट तिच्या डोक्यात त्या फोनसारखंच थांबून थांबून वाजत होतं.

"चला, मागे जाऊन मारून बघू," होबर्ट म्हणाला. "डंपलिंग अर्धा तास धीर धरतील ना, मॅमॉ?"

"डंपलिंग धरतील. मी धरीन असं नाही."

*

घराच्या मागे ओढा, ओढ्यापलीकडे मातीचा उंच बांध. या घरातल्या चार पिढ्यांनी त्याच बांधावर नेम धरला होता. होबर्टने कागदी थाळी खिळ्याने फळीवर ठोकली आणि सात पावलं मोजून रेघ ओढली. सगळ्यांनी कानांत बोळे घातले. त्याने स्वतः आधी मारून दाखवलं. त्याच्या अस्वलासारख्या पंजात ते पिस्तूल दिसतच नव्हतं, जणू तो बोटानेच गोळ्या झाडतोय. सहा गोळ्या, सहा भोकं, सगळी थाळीत.

"बघ. लोण्यासारखं."

ट्वायला रेघेवर उभी राहिली. होबर्टने रिकामं करून तिच्या हातात दिलं. "आधी वरचा भाग मागे ओढ. पूर्ण. आणि सोड."

ट्वायलाने ओढला. तो अर्धा इंच आला आणि बोटांतून निसटला. पुन्हा ओढला. पुन्हा निसटला. एवढ्याशा त्या वस्तूत एवढी ताठ स्प्रिंग! धरायला जागाच नव्हती. वाकडं मनगट पिळलं की ती ओठ चावायची, ते मार्लीला लांबूनही दिसत होतं.

"मी ओढून देतो," होबर्ट म्हणाला. "आज मी ओढतो. तू नुसतं मार."

मार्लीने मनात म्हटलं, मामा बुधवारी बुल क्रीकला येणार आहे का ओढून द्यायला? पण ती बोलली नाही. 'हेच, हेच' म्हणून टाळ्या तिनेच वाजवल्या होत्या.

पहिली गोळी सुटली. धक्क्याने ट्वायलाचा हात कानापर्यंत वर गेला. बांधावर कुठेतरी माती उडाली. तिने दात आवळले, पुन्हा नेम धरला, चाप ओढला.

काही झालं नाही.

रिकामं टरफल वरच्या फटीत उभं अडकून बसलं होतं, दारात अडकलेल्या पायासारखं.

"काही नाही, काही नाही." होबर्टने ते काढलं, पुन्हा भरलं. "मनगट घट्ट धर. ढिलं पडलं की हे अडकतं. एवढ्या छोट्याला मागून भक्कम आधार लागतो."

एक गोळी. पुन्हा अडकलं.

"मनगट, ट्वायला! मनगट घट्ट..."

तो मधेच थांबला.  ते मनगट घट्ट का होत नाही, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. बावीस वर्षं काउंटरवर उभा राहिलेला होबर्ट आपल्या बहिणीच्या हाताकडे बघत राहिला, आणि त्याचं मोठं लाल तोंड हळूहळू पांढरं पडत गेलं.

"दुसरं आणतो," तो पुटपुटला. "मोठं. मोठं अडकत नाही."

"मोठं मावत नाही," ट्वायला म्हणाली. आवाज अगदी शांत. मार्लीला त्या शांतपणाची रडण्यापेक्षा जास्त भीती वाटली. "दिसलं तर नोकरी जाते. अडकलं तर..." तिने पिस्तूल टॉवेलावर ठेवलं आणि मनगट पोटाशी धरून ओढ्याकडे तोंड केलं.

मार्ली वळली, तर मागच्या पायऱ्यांवर जोलिंडा उभी. हातात झारा. किती वेळ बघत होती कोण जाणे. आणि मार्लीच्या डोक्यातलं ते पाकीट एकदम मोठ्याने वाजलं.

"बघितलंत ना सगळं?" ती ओरडली. "आता जा, लिहा त्याला! लिहा की आईचं पिस्तूल दुसऱ्या गोळीला अडकतं. लिहा की तिला ते ओढताही येत नाही!"

"मार्ली!" ट्वायला.

"हिच्या गाडीत त्याचं पत्र आहे, आई! मी डोळ्यांनी पाहिलं. तुरुंगाचं पत्र! ही त्याला पत्रं लिहिते आणि आपल्यात बसून पुडिंग करते!"

होबर्ट बायकोकडे वळला. "जो?"

जोलिंडाने झारा पायरीवर ठेवला. हात एप्रनला पुसले, एकेक बोट, सावकाश. "लिहिते," ती म्हणाली. "महिन्याला एक. आणि रविवारी संध्याकाळी तू कोंबड्या कोंडायला जातोस तेव्हा त्याचा फोन येतो, तोही घेते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू फोन भिंतीवर आपटला असतास. मग तो बोलायचा थांबला असता." ती पायऱ्या उतरून खाली आली. "होबर्ट, तो बोलतो तोवर त्याच्या मनात काय आहे ते मला कळतं. तो गप्प झाला की काही कळत नाही. मी सतरा वर्षं त्याच्याबरोबर एका घरात काढलीत. गप्प झालेला रॉइस मला माहीत आहे."

"काय म्हणतो तो?" ट्वायलाने पाठमोरीच विचारलं.

"मागच्या रविवारी म्हणाला, ट्वायला अजून बुधवारी आणि गुरुवारी बुल क्रीकला जाते का. मी म्हटलं, नाही, तिने ती नोकरी सोडली. तो हसला." जोलिंडाचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. "त्या हसण्यावरून कळलं की त्याला पटलं नाही. आज जेवण झाल्यावर सांगणारच होते. तुला एकटीला. सकाळपासून शब्द जुळवत होते, जुळत नव्हते."

 मग जोलिंडाने एप्रन बाजूला सारला, स्कर्टच्या चुणीत हात घातला, तिच्या त्या प्रसिद्ध खिशात, पार कोपरापर्यंत, आणि चामड्याचं एक काळपट म्यान बाहेर काढलं. म्यानातून निघालं ते चेपलेल्या नाकाचं, आखूड, जुनं रिव्हॉल्व्हर. मुठीवरचं लाकूड हाताळून हाताळून काळं पडलेलं. पाठीवर घोडा नाही, सगळं गुळगुळीत, खिशाच्या शिवणीत अडकू नये असं.

होबर्टचं तोंड उघडं ते उघडंच. "हे... हे कुणाचं?"

"माझं. आमच्या आईने दिलं, लग्नात. सगळ्यांसमोर भांडी दिली आणि मागच्या खोलीत हे."

"अकरा वर्षं? अकरा वर्षं माझ्या घरात हे आहे? रात्री कुठे ठेवतेस?"

"पिठाच्या डब्यात. तू कधी पीठ काढलंस?"

दारात केव्हाची येऊन उभी राहिलेली मॅमॉ फस्सकन हसली. आणि मग, तिच्या लक्षात यायला लागलं तसं, तिचं हसू पुसलं गेलं.

"जोलिंडा. तू हे घालून माझ्या टेबलावर जेवतेस?"

"हो."

"दर रविवारी? डबा फ्रिजवर असताना?"

"हो मॅमॉ. नियम मोडला मी. दर रविवारी मोडला." जोलिंडा सासूच्या नजरेला नजर देऊन उभी होती. "त्यातली साडेआठ वर्षं रॉइस माझ्या समोरच्या खुर्चीवर बसत होता. तुम्ही प्रार्थनेला डोळे मिटायचात ना, तेव्हा मी उघडे ठेवायचे. कुणीतरी ठेवायला हवे होते."

 मार्लीला ते रविवार आठवले. रॉइस मोठमोठ्याने हसत बीन्स मागायचा, आई त्याच्या ताटाकडे बघत राहायची, आणि समोर बसलेली आत्या कधीच उजव्या हाताने जेवायची नाही. डावखुरी आहे, असंच सगळे समजत होते. पण आत्या शिवायची ती उजव्या हाताने.

जोलिंडाने रिव्हॉल्व्हरचं पोट उघडून पाचही गोळ्या तळव्यावर काढल्या आणि रिकामं ट्वायलाच्या समोर धरलं. "यात ओढायचं काही नाही. सरकायचं काही नाही. ढिल्या मनगटानेही हे अडकत नाही. चाप जड आहे, तेवढं सांगते. आणि डाव्या हाताने मार."

"डाव्या?"

"तुझा उजवा हात त्याला माहीत आहे. तो आला तर त्याचे डोळे तुझ्या उजव्या हातावर असतील."

ट्वायलाने घेतलं. रिकामंच वीसेक वेळा ओढून पाहिलं. पहिल्या वेळी नळी खाली झुकली, विसाव्या वेळी कमी. होबर्ट फळीकडे गेला, नवी थाळी ठोकली आणि बाजूला येऊन उभा राहिला, दोन्ही हात खिशात घालून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

पाच गोळ्या. जुनं, पोलादी, जरासं वजनदार. हात वर उडाला नाही. तीन भोकं थाळीत, दोन मातीत.

"तीन," ट्वायला म्हणाली, जणू तिला कुणीतरी परीक्षेचा निकाल सांगितला होता.

"सात पावलांवरून तीन," जोलिंडा म्हणाली. "तो याहून लांब असला तर हे काढायचंच नाही. गाडीत बसायचं आणि निघायचं. पेशंटचं दार जवळ असलं तर आत जायचं आणि कडी लावायची. हे फक्त पळायला जागाच उरली नाही तर. आणि त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही. च्युइंगगम नाही, किल्ली नाही. आज संध्याकाळी तुझ्या सगळ्या अंगरख्यांना खिसे शिवते."

"आणि तू?" होबर्टने विचारलं. "तुझ्याकडे काय राहिलं?"

"तू काउंटरवर असतोस ना," ती म्हणाली. "दहातल्या आठ जणींना देतोस ते सोडून काहीतरी आण."

मार्लीला रडू येत होतं आणि तिला रडायचं नव्हतं. वादविवाद संघात एक गोष्ट शिकवली नव्हती, ती म्हणजे आपण अख्ख्या घरासमोर इतक्या मोठ्याने चुकलो की पुढे काय करायचं. ती पुढे झाली, पायरीवरचा झारा उचलला आणि तो जोलिंडाच्या हातात देत म्हणाली, "आत्या."

एवढंच. 

"पुडिंगवरची साय तू खायचीस," जोलिंडा म्हणाली, "लहानपणी. बघू आज कोण आधी पळवतं."

*

ते आत आले तेव्हा पर्समध्ये फोन वाजत होता. या वेळी सगळ्यांनी ऐकला आणि सगळ्यांनी ऐकला असंच दाखवलं. ट्वायलाने तो काढला, कानाला लावला. तो गोड आवाज टेबलापर्यंत ऐकू येत होता: बुधवार, सकाळ, खूण म्हणून आपला नंबर. तिने वाकड्या मनगटाच्या हाताने चार आकडे दाबले. धन्यवाद, असं यंत्र म्हणालं.

घर एकदम इतकं शांत झालं की पातेल्यातलं खदखदणं ऐकू आलं. मार्लीला वाटलं होतं, फोन थांबला की बरं वाटेल. बरं वाटलं नाही. आता फक्त बुधवार उरला होता.

होबर्टने तिन्ही टॉवेल पिशवीत भरून पिशवी ट्रकमध्ये नेऊन ठेवली, न सांगता. मॅमॉने फ्रिजवरचा डबा खाली घेतला. त्यात होबर्टचं होतं. तिने डबा ट्वायलासमोर धरला, रविवारच्या सवयीने. ट्वायलाचा डावा हात खिशाकडे गेला.

मॅमॉने झाकण लावलं.

"राहू दे," ती म्हणाली. डबा वर ठेवताना तिचा हात छतातल्या भोकाच्या इतका जवळ गेला की वाटलं, ती ते चाचपणार. "बुधवारी होबर्ट तुझ्याबरोबर बुल क्रीकला येईल. गुरुवारीही. तो दुकानात रजा टाकेल."

"टाकेन," होबर्ट म्हणाला.

"मला कुणी राखण..." ट्वायलाने सुरुवात केली.

"राखण नाही. तो गाडीत बसून कोडी सोडवेल. आणि जोलिंडा, नियम मोडलास म्हणून महिनाभर भांडी तुझी."

"बरं मॅमॉ."

"आणि आज प्रार्थना तू म्हण. डोळे उघडे ठेवून म्हणालीस तरी चालेल."

जोलिंडाने प्रार्थना म्हटली. मार्लीनेही डोळे मिटले नाहीत. तिला दिसलं की मॅमॉनेही मिटले नव्हते, होबर्टनेही नाही. पाचही जण एकमेकांकडे बघत देवाशी बोलत होते.

जेवणानंतर ट्वायलाला म्हाताऱ्याचं ऑक्सिजन बघायला निघायचं होतं. मार्ली नेहमीसारखी अंगणात धावत गेली आणि नेहमीसारखी तिने आईला मिठी मारली, दोन्ही हातांनी, धडक दिल्यासारखी. घरातले सगळे तिला त्यासाठी बकरी म्हणायचे. आणि अगदी शेवटच्या क्षणी ट्वायलाने अंग चोरलं. जराशी वळली, डावी बाजू मागे घेतली आणि उजवा खांदा पुढे केला.

मार्लीला काही टोचलं नाही, काही लागलं नाही. खिसा कुठला हे तिला कळलंसुद्धा नाही. रिव्हॉल्व्हर खरंच इतकं छोटं होतं. फक्त आईच्या मिठीचा एक हात आत आला आणि एक बाहेर राहिला.

"संध्याकाळी सहाला परत येते," ट्वायला म्हणाली.

"साडेपाचला," मार्ली म्हणाली, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ती गाडीकडे नव्हे, तिच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत उभी राहिली; बुधवार अजून तीन दिवसांवर होता, तरीही.